सोळाशे पन्नास, बराबर

आमच्या घरात ‘लई’ म्हटलं की थापड बसायची.

“पाणी किती तापलं?” बाप न्हाणीतून विचारायचा. मी पातेल्यात बोट घालून सांगायचो, “लई तापलं, अण्णा.” तो पंचा गुंडाळून ओल्या अंगानं बाहेर यायचा आणि माझ्या कानाखाली वाजवायचा. “लई म्हंजी किती? लई हे काय माप हाय का रे?” मग माझं मनगट धरून तेच बोट परत पाण्यात बुडवायचा आणि मोठ्यानं आकडे मोजायचा. दहापर्यंत बोट टिकलं तर पंचेचाळीस डिग्री, पाचापर्यंत टिकलं तर पन्नास. दोनच्या आत ओरडलो तर साठ, आणि ओरडल्याबद्दल आणखी एक थापड वेगळी. थर्मामीटर मी पुढे शाळेत पाहिला, पण तोवर माझी बोटं पास झाली होती.

बापाला मी इथं अरेतुरे करतोय. तोंडावर कधी केलं नाही, तेवढी छाती नव्हती.

तो चौथी पास होता. राजूरच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून बैल विकून जालन्याला आला आणि एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात भंगार उचलायला लागला. भंगार उचलता उचलता पंधरा वर्षांनी मेल्टर झाला. मेल्टर म्हणजे भट्टीवरचा राजा. भंगार वितळून त्याचं पाणी होतं, ते ओतायला तयार झालं की नाही हे सांगणारा माणूस. बाप डोळ्यासमोर निळी काच धरून त्या रसात बघायचा, रंग ओळखायचा आणि आकडा बोलायचा. सोळाशे पन्नास डिग्री झालं की ओता. त्याआधी ओतलं तर लोखंड वाटेतच गोठतं, त्याच्या फार पुढे नेलं तर भट्टीचं अस्तर खाऊन टाकतं. चौथी पास माणसाच्या तोंडून आकडा निघाला की क्रेन हलायची. त्याची नशा त्याला घरी आल्यावरही उतरायची नाही.

माय आकड्यांत पडायची नाही. ती तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायची, ते कसे नाचतात बघायची आणि भाकर टाकायची. एकदा बाप म्हणाला, “ह्यो तवा दोनशेच्या खाली हाय, भाकर कच्ची ऱ्हाईल.” माय म्हणाली, “तुमच्या सोळाशेत भाकर भाजून दाखवा मंग.” मी हसलो. बापानं फडक्यानं तवा उचलला आणि फेकला. तो मायच्या नडगीवर बसला. अर्ध्या भाकरीएवढा तो डाग अजून आहे. मी हसलो नसतो तर त्यानं फेकला नसता, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. फेकणारा फेकतोच.

शाळेत तरी सुटका असेल म्हणाल तर तिथं विज्ञानाचे मास्तर होते. गणित बरोबर असलं तरी उत्तरापुढं एकक लिहिलं नाही की छडी. “पाच काय? पाच म्हशी? पाच ढेकळं?” मीटर, किलोग्रॅम, सेकंद, ज्यूल, न्यूटन, प्रत्येकाला एकेक छडी देऊन त्यांनी ही नावं आमच्या तळहातात बसवली. केल्विनला डिग्री लावायची नसते, हे तर मी मेलो तरी विसरणार नाही, कारण त्या दिवशी डावा हात सुजला होता. पण मला ती एककं आवडायची. मास्तरांच्या छडीला आणि बापाच्या थापडीला एक नियम आहे, तो मोजता येतो, असं त्यातून वाटायचं. आठवीत मी वहीच्या मागच्या पानावर बापाच्या थापडीचं बळ न्यूटनमध्ये काढलं होतं. हाताचं वजन अंदाजानं धरलं, वेग अंदाजानं धरला. उत्तरापुढं एकक लिहायला विसरलो नाही.

पुढे जालन्याच्याच कॉलेजात मी बी.एस्सी. झालो आणि दीड वर्ष घरी बसलो. तेव्हा बापाच्या कारखान्यात नवीन मीटर आला. लांब दांड्याच्या टोकाला कागदी नळी लावायची, ती क्षणभर रसात बुडवायची, की तारेतून आकडा खोक्यावर येतो. नळी जळून जाते, आकडा राहतो. हे चालवायला शिकलेला पोरगा पाहिजे होता. बापानंच मला नेलं. पण मीटर त्यानं एका अटीवर भट्टीवर येऊ दिला: आधी मेल्टर बोलणार, मग मीटर.

पहिल्या दिवशी सगळी पाळी बघायला जमली. बापानं काच धरली, जरा वेळ बघितलं आणि ओरडला, “सोळाशे अठ्ठेचाळीस!” मी दांडा बुडवला. खोक्यावर आलं सोळाशे एक्कावन्न. फक्त तीन डिग्रीचा फरक. मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडलो, “बराबर!” पोरांनी शिट्ट्या मारल्या. क्रेनवाल्यानं वरून भोंगा दिला. बापानं माझ्याकडं बघितलं नाही, पण त्याचा कान लाल झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्यामुळं बरं वाटलं होतं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. एकदा भट्टी भरून, वितळवून ओतली की तिला एक हीट म्हणतात. प्रत्येक हीटला बाप आकडा बोलायचा, मी दांडा बुडवायचो आणि “बराबर!” म्हणायचो. तो शब्द ऐकला की पॅनलवाला वीज बंद करायचा आणि क्रेनवाला बादली पुढं आणायचा. खोकं माझ्या गळ्यात असायचं, आकडा मलाच दिसायचा. रजिस्टरही मीच लिहायचो. माझ्या ‘बराबर’शिवाय दुसरा कुठला शब्द आला तर काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

दोन वर्षं बरी गेली. मग एका चतुर्थीला बाप मला मागे बसवून मोटारसायकलवर राजूरच्या गणपतीला निघाला आणि भर दुपारी, मोकळ्या रस्त्यात, उभ्या म्हशीला जाऊन धडकला. मी गुडघा फोडून घेतला. बाप उठला, कपडे झटकले आणि म्हशीवाल्याला बडवायला लागला. म्हातारा माणूस, टोपी पडली त्याची. म्हैस दिसली नाही म्हणायची लाज, म्हणून म्हशीवाल्याला मार. मी बापाला ओढलं तर एक मलाही बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली.

मग भट्टीवर आकडे सरकायला लागले. तो म्हणायचा सोळाशे पन्नास, खोक्यावर यायचे सोळाशे अडुसष्ट. काही महिन्यांनी सोळाशे ऐंशी. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, भट्टीकडं जन्मभर बघून तपकिरी झालेला. त्या डोळ्याला पांढरा रस पिवळा दिसायचा आणि पिवळा म्हणजे थंड. म्हणून तो वीज चालू ठेवायला सांगायचा आणि लोखंड आणखी तापवायचा. ज्या दिवशी ऐंशी आलं त्या दिवशी मी ‘बराबर’ म्हणायला एक श्वास उशीर केला. तेवढ्यानं त्याला कळलं.

सुट्टीत तो मला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेला आणि काही बोलायच्या आधीच दोन ठेवून दिल्या. “मीटर दुरुस्त कर तुझं.”

“मीटर बराबर हाय, अण्णा. डोळे दाखवा तुमचे.”

तिसरी बसली. मग त्यानं माझी कॉलर धरली. मला वाटलं चौथी येणार. पण त्यानं कॉलर सोडून दिली. “काच खाली ठेवली का मी कोन हाय रे?” तो हळू आवाजात म्हणाला. “चौथी पास गडी. त्याच पोरांम्होरं मला भंगार उचलायला लावतील. तू नुस्तं बराबर म्हन. मी बगून घेतो.”

मार खाऊन मला राग यायचा, तो बरा होता. ही दया आली ती नको होती. मी म्हणालो, “बरं.”

आता अस्तराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भट्टीच्या आतून दळलेल्या पांढऱ्या दगडाचं जाड अस्तर ठोकून बसवतात. त्या अस्तराच्या मागं तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी फिरत असतं. म्हणजे वितळलेलं लोखंड आणि पाणी यांच्यामधे तेवढंच एक अस्तर. ते फुटून लोखंड पाण्याला भेटलं तर भट्टी बॉम्बसारखी उडते. एका अस्तरावर ठरावीक हीट काढायच्या आणि ते पाडून नवीन ठोकायचं, अशी पद्धत.

हे काम जाफराबादकडचे एक मिस्त्री करायचे. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे. सोमवारी एसटीनं यायचे आणि शनिवारी परत जायचे. रिकाम्या भट्टीत अनवाणी उतरून अस्तर ठोकायचे आणि झालं की लहान हातोडीनं जागोजागी टकटक करून कान लावायचे. कुठं पोकळ राहिलं, कुठं पातळ झालं, हे त्यांना आवाजावरून कळायचं. बापाचा डोळा तसा मिस्त्रींचा कान. दोघं एकमेकांशी फार बोलायचे नाहीत, पण मान राखून होते.

त्या उन्हाळ्यात मिस्त्रींची तीन अस्तरं लागोपाठ निम्म्यात गेली. लोखंड जास्त तापत होतं, दुसरं काय. पण रजिस्टरात प्रत्येक हीटसमोर माझ्या अक्षरात सोळाशे पन्नास लिहिलेलं. सुपरवायझरनं मिस्त्रींना सगळ्यांसमोर उभं केलं. त्याच्या हातात पट्टा होता, माल वाहायच्या जाड रबरी पट्ट्याचा कापलेला हातभर तुकडा. आमच्या पाळीतल्या पुष्कळांनी त्याची चव घेतली होती.

“चोरी केली का मालात? कमी ठोकलं?”

“बिलकुल न्हाई साहेब,” मिस्त्री म्हणाले. “लोखंड जास्त तापवून राह्यलेत हे. अस्तराला तोंड न्हाई म्हून माझ्या नावानं बिल फाडता का? त्या मीटरवाल्या पोराला इचारा.”

सुपरवायझर माझ्याकडं वळला. “काय रे, किती असतं टेंपरेचर?”

बाप चार हातांवर उभा होता. काच त्याच्या मुठीत होती आणि तो वर पत्र्याकडं बघत होता. मिस्त्री माझ्याकडं बघत होते, अगदी खात्रीनं. हा शिकलेला आहे, हा खरं सांगणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

“सोळाशे पन्नास, साहेब,” मी म्हणालो. “रजिस्टरला हाय.”

मग पट्टा सुरू झाला. मला मोजायची सवय, मी मोजत होतो. पहिले पाच पाठीवर. सहावा आणि सातवा खांद्यावर, मिस्त्री वाकले म्हणून. आठवा उजव्या कानावर बसला आणि मिस्त्री ओरडायचे थांबले. त्यांनी कानावर हात दाबला, बोटांमधून रक्त आलं. त्यानंतर आणखी तीन बसले. कुणी मधे पडलं नाही. मीही पडलो नाही. बाप वर पत्र्याकडंच बघत होता. मला दोघांचीही किळस यावी असा तो दिवस होता, त्याची आणि माझी.

मिस्त्री पंधरा दिवसांनी कानात कापूस घालून परत आले. काम सोडून जायचे कुठं? नवीन अस्तर त्यांनी ठोकलं, पण आता टकटक केल्यावर मान उलटी वळवून डावा कान लावायचे आणि तरी खात्री पटत नसल्यासारखे पुन्हा पुन्हा ठोकायचे. चालू भट्टीच्या भोवतीही फिरायला लागले. पातळ कुठं होतंय ते चाचपायला नळ्यांच्या बाजूला, खाली, जिथं कुणी उभं राहत नाही, तिथं जाऊन उभे राहायचे.

तशीच एक दुपार. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, भट्टीवर किती ते सांगायलाच नको. बापानं काच धरली. फार वेळ बघितलं. वीज चालूच होती. मग ओरडला, “सोळाशे पन्नास!”

मी दांडा बुडवला. खोक्यावर आलं सतराशे बारा.

खाली नळ्यांच्या बाजूला मिस्त्री वाकले होते, कापसाचा कान भट्टीकडं. तिथून लोखंड फुटलं असतं तर त्यांना आधी ऐकूही आलं नसतं. पॅनलवाला माझ्या तोंडाकडं बघत होता. क्रेनवाला बघत होता. बापही बघत होता, आणि मला नक्की माहीत आहे की त्याला माझा चेहरा दिसत नव्हता.

“सतराशे बारा!” मी ओरडलो.

“काय म्हनला?”

“सतराशे बारा डिग्री सेल्सिअस!” मी जीव खाऊन ओरडलो, एककासकट. “बराबर न्हाई! वीज बंद करा! मिस्त्री, बाहेर या!”

मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्याकडं धावलो. मधे बाप होता. त्याच्या हातात रसावरची मळी बाजूला करायची लोखंडी सळई होती. तिचा पहिला फटका माझ्या डाव्या हातावर बसला आणि कोपराच्या खाली हाड मोडलं. तो आवाज मी भट्टीच्या आवाजातही ऐकला. दुसरा पाठीत बसला. मी खाली पडलो, तरी तो मारत होता. “सांगतो का? सांगतो का सगळ्यास्नी?” एवढंच म्हणत होता, आणि रडत होता. काही फटके माझ्या शेजारी फरशीवर बसले. त्याला मी नीट दिसतही नव्हतो. चार जणांनी त्याला धरलं तेव्हा त्याची निळी काच खाली पडली आणि फुटली. पॅनलवाल्यानं वीज बंद केली होती. कुणीतरी मिस्त्रींना दंडाला धरून बाहेर ओढलं. ते विचारत होते, “काय झालं? काय झालं रे?”

भट्टी लगेच रिकामी केली. गार झाल्यावर बघितलं तर एका जागी अस्तर भाकरीएवढंच जाड उरलं होतं. मिस्त्री जिथं वाकले होते, बरोबर त्याच जागी.

सुपरवायझरला सगळं कळलं. त्यानं बापाला घरी जा म्हणून सांगितलं. पट्टा त्याच्या खोलीत खिळ्यालाच टांगलेला राहिला. मेल्टरला कोण मारतो?

माझा हात प्लास्टरमधे दीड महिना होता. बापाच्या डोळ्यांचं ऑपरेशन मीच करून आणलं, दोन्ही डोळ्यांचं, मागेपुढे. दुसरी पट्टी सुटली त्या दिवशी तो ओट्यावर बसून बराच वेळ माझ्या प्लास्टरकडं बघत राहिला. त्यावर मळ किती साचलाय तेही त्याला आता दिसत असणार.

“किती दुखतं?” त्यानं विचारलं.

“लई,” मी म्हणालो.

त्यानं हात उचलला नाही. माय चुलीपाशी थांबून बघत होती, तीही मग भाकर थापायला लागली. मला वाटलं होतं की हा शब्द असा पचला की माझं काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. बापाकडून मला काही येणं नव्हतंच. माझं देणं जाफराबादला होतं.

प्लास्टर निघायच्या आधीच मी एसटी धरून गेलो. मिस्त्रींचं काम सुटलं होतं. एका कानाचा माणूस अस्तर ठोकून काय करणार? ते दारात बसून सुपातल्या सोयाबीनमधले खडे निवडत होते. मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो आणि खाली मान घालून सगळं बोललो. बापाचे डोळे कधीचे जात होते, हे मला माहीत होतं. रजिस्टर खोटं होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलं तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोललो. बोलता बोलता रडू आलं, ते बाहीनं पुसलं. मिस्त्री खडे निवडत राहिले. मला वाटलं, रागावलेत, बोलायचं नाही त्यांना. बरोबरच आहे.

जरा वेळानं त्यांनी वर बघितलं आणि मी आत्ताच आल्यासारखी मान हलवली.

“त्या अंगानं काही येत न्हाई पोरा,” ते म्हणाले. “इकडून बस. काय म्हनून राह्यला होता?”

मी उठलो. सुपाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा रडू आलं नाही. दुसऱ्यांदा ते फक्त जसं होतं तसं होतं.

मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकलं. हातातला खडा अंगणात टाकला.

“तू तितंच हुभा होतास,” ते म्हणाले. “त्या दिवशी. किती बसले मला?”

“अकरा.”

“अकरा काय?”

“अकरा पट्टे,” मी म्हणालो.

त्यांनी सूप पुढं ओढलं.

“बराबर,” मिस्त्री म्हणाले.